सायकलीचा बोल्ट : घट्ट म्हणजे किती घट्ट?



आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून गरजू विद्यार्थिनींना शाळेत ये-जा करण्यासाठी सायकली देण्यात आल्या. वाटपाचा समारंभ थाटात होतो. परंतु पुढे त्या सायकलीचे बोल्ट कोण आवळतो आणि किती आवळतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. उतारावर हँडल फिरले, तर त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. म्हणून आज या साध्या प्रश्नाविषयी बोलावयाचे आहे.

बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि स्प्रिंगप्रमाणे दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. ताण कमी पडला तर रस्त्याच्या हादऱ्यांनी तो सैल होतो. फाजील झाला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. आवळण्याचे हे बळ न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. आजच्या अनेक सायकलींत हँडल धरणाऱ्या लहान बोल्टांना सुमारे 5 न्यूटन-मीटर पुरतात, तर चौकोनी आसाच्या क्रँकच्या बोल्टाला सुमारे 40 लागतात. 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर याचा अर्थ असा की, पहिल्या ठिकाणी सुमारे अडीच किलो वजनाइतका जोर द्यावयाचा, तर दुसऱ्या ठिकाणी 20 किलोंइतका. एकाच हाताने, एकाच सवयीने दोन्ही आवळले तर एक तरी चुकणारच.

टॉर्क पाना हेच मोजमाप करतो. ठरविलेले बळ झाले की त्यातील एका प्रकारात ‘कट्’ असा आवाज होतो. तेथेच हात थांबवावा. दुसऱ्यांदा ओढू नये. बोल्ट सोडविण्यासाठी हा पाना वापरू नये. आटे आधी स्वच्छ करावेत. वंगण लावावे की नाही, हे उत्पादकाच्या सूचनेनुसार ठरवावे, कारण वंगणाने तेवढ्याच बळात बोल्ट अधिक ताणला जातो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि काही पाने एकाच दिशेने मोजतात, हेही ध्यानात ठेवावे. काम झाल्यावर पाना सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा आणि तो अचूक दाखवितो की नाही, याची वेळोवेळी तपासणी करून घ्यावी.

अनुभवी कारागिराच्या हाताला किंमत आहेच. परंतु तो हात शिकाऊ मुलाला उसना देता येत नाही; आकडा मात्र देता येतो. यासाठी ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक टॉर्क पाना सामाईक ठेवावा, उत्पादकाने दिलेले आकडे मराठीत लिहून भिंतीवर लावावेत आणि सत्राच्या आरंभी मुलींच्या सायकली तपासाव्यात. विज्ञानाच्या शिक्षकांना तरफेचा पाठ शिकविण्यास याहून चांगले साधन क्वचितच मिळेल.

सायकल देणे हे निम्मे काम झाले. ती रोज सुखरूप घरी परतेल, हे पाहणे हे उरलेले निम्मे.