वायद्याचा दिवस



मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, ते प्रेमचंद रायचंद १८६५च्या पडझडीत बुडाले. देणगी १८६४ची, म्हणजे जेमतेम वर्षभर आधीची. विद्येच्या या मनोऱ्यात सट्ट्याचा पैसा आहे, हे दीक्षान्त समारंभात सहसा कुणी बोलत नाही. आज बोलू या, कारण आर्थिक अरिष्ट म्हणजे काय हे मला त्या वर्षाइतके दुसऱ्या कशातून समजले नाही.

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव भडकले. मुंबईत इतका पैसा आला की तो गुंतवायचा कुठे, हाच प्रश्न पडला. मग बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,०००च्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती! सौदे वायद्याचे : व्यवहार आज, पैसे पुढे. त्यात १८६३च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरचे निर्बंध सैल केले होते. बँक शेअर तारण घेऊन कर्ज देई, त्या कर्जातून लोक आणखी शेअर घेत, त्याने भाव चढत आणि चढलेल्या भावामुळे त्याच तारणावर आणखी कर्ज मिळे.

एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, यादवी सरत आली. कापूस कोसळला. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस होता आणि जो तो दुसऱ्याकडून येणाऱ्या पैशावर विसंबलेला. शेतात कापूस होता, बंदरात जहाजे होती. पण कुणाच्या सहीवर कुणाचा भरवसा उरला नव्हता. इतिहासात अरिष्टाची तारीख १ जुलै अशी नोंदली गेली. मी ती वर्षभर मागे नेतो, सगळे खुशीत होते तिथे.

शेअर बाजाराचे नावही न ऐकलेल्या शेतकऱ्याला याची झळ सावकाश पोहोचली. तेजीत सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले होते. भाव उतरले, सरकारने नव्या आकारणीत सारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने लुटली. दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. गावोगाव कर्जखते हिसकावून जाळली गेली. प्रेमचंद तोवर पुन्हा व्यापारात उभे राहिले होते. शेतकऱ्यांना कर्जापासून दिलासा देणारा कायदा यायला १८७९ उजाडले.

तुमच्यातले बरेच जण उद्या कर्जाच्या फायली हाताळतील. बाजार चढत असताना एखाद्या फाइलवर सही करण्यापूर्वी विचारा, तारणाची ही किंमत कुणाच्या कर्जातून आली आहे? साहेबांना प्रश्न आवडणार नाही. बँक ऑफ बॉम्बे बुडाल्यावर सरकारने चौकशी आयोग नेमला, तेव्हा असले प्रश्न विचारले गेलेच; फक्त भागधारकांचा पैसा तोवर बुडाला होता.