मोर थांबला, पिसारा वाढला



२०२० साली टाळेबंदीत कर्जाचे मार्च ते ऑगस्टचे हप्ते पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली होती. तिला म्हणतात ‘मोरेटोरियम’. आमच्या गटाला वाटलं, हप्ते माफच झाले! नंतर हिशोब पाहिला, तर त्या महिन्यांचं व्याज कर्जात चढलेलं. एक शब्द कळला नाही, त्याचे पैसे मोजावे लागले.

तेव्हापासून बँकेतले अवघड इंग्रजी शब्द आम्ही खुणेनं लक्षात ठेवतो. मोरेटोरियम म्हटलं की मोर आठवायचा. मोर थांबला, पण पिसारा वाढतोय. म्हणजे हप्ता थांबला, व्याज चालूच. ‘डेबिट’मधला ‘डे’ म्हणजे ‘दे’: पैसे खात्यातून गेले. ‘कोलॅटरल’च्या शेवटी ‘तरलं’ ऐकायचं आणि त्यावरून ‘तारण’ आठवायचं. हा शब्द तर पाठच हवा. कारण उमेदच्या बचत गटांना २० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मात्र आधी अर्थ नीट विचारून घ्यायचा, मगच खूण बांधायची. चुकीच्या अर्थाला बांधलेली खूण घात करते. नवा शब्द आम्ही दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना आठवतो, आठवड्यानं बैठकीत एकमेकींना विचारतो, महिन्यानं पुन्हा.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एक शब्द घ्या. आणि कागदावरचा शब्द कळल्याशिवाय सही करू नका.