सिमला ऑफिस आणि द्राक्षाचं पाणी

शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' नावाचा चौक आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि पुणेकरांनी जुनं गाव त्या इमारतीला कायमचं चिकटवून टाकलं. त्याच खात्यात १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या देखरेखीखाली कृषी हवामानाचं काम सुरू झालं. ऊन आणि वारा शिवारातलं किती पाणी उडवून नेतात, हे मोजणं त्यातलंच एक.

साधन अगदी साधं. चार फूट रुंद, दहा इंच खोल असं तांब्याचं पसरट भांडं. आतून कल्हई, बाहेरून पांढरा रंग, खाली लाकडी चौकट. वर तारेची जाळी, नाहीतर उन्हानं किती नेलं आणि कावळ्यांनी किती, याचा हिशेब लागायचा नाही! सकाळी साडेआठला पाणी किती मिलिमीटर उतरलं ते पाहायचं आणि भांडं पुन्हा खुणेपर्यंत भरायचं.

हडपसरपलीकडे मांजरीला १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्यांची पाण्याची शिफारस याच मिलिमीटरवर बेतलेली. एकरावरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,००० लिटर. पण वेल वाढीला लागलेला असताना त्या मिलिमीटरमागे ठिबकनं साधारण १,७०० लिटर दिले की भागतं. दिवसाला ८ मिलिमीटर उडत असतील, तर एकरी साडेतेरा हजार.

खरी कसोटी पुढेच. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात पुढच्या पिकाचा घड आकार घेतो. तेव्हा हेच पाणी तिसऱ्या हिश्शावर आणायचं, आणि तेही वळीव झाला नसेल तर रखरखत्या उन्हात! पाणी जास्त झालं की शेंडा पळत सुटतो, पेरं लांबतात आणि डोळ्यात घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता ताणा, धरते. हे बागायतदाराला ठाऊक असतं हो. पण शेजारची मोटार चालू दिसली, की हात आपोआप कॉककडे जातो. त्यातून वीज रात्रपाळीची असेल, तर पाणी कधी द्यायचं हे झाडही ठरवत नाही आणि मालकही नाही. आली वीज की सोडा पाणी!

मग ऑक्टोबरात फळछाटणी होते, डोळे फुटतात, आणि मे-जूनमध्ये कुणी किती पाणी सोडलं होतं ते बांधावरून जाणाऱ्यालाही दिसतं.