स्वतःच्या हाताने लिहिलेलं मागणं



प्रार्थनेवर बोलायला उल्हासनगरच्या कॅम्प ५ सारखी जागा नाही. पलीकडे अंबरनाथला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिवमंदिर आहे. इथे आपल्या कॅम्पात सिंध्यांच्या झूलेलालाचं चालिहा मंदिर आहे. जुलै-ऑगस्टात चाळीस दिवसांचं व्रत चालतं आणि माणसं पल्लव, म्हणजे पदर, पसरून मागणं मागतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं. फाळणीनंतर इथल्या बराकींत गोणपाटाचे आडोसे करून राहणाऱ्या निर्वासितांचं घरदार सिंधमध्येच राहिलं होतं. पाठ असलेली भजनं आणि प्रार्थना तेवढ्या बरोबर आल्या.

मला आज बोलायचं आहे ते पाठ नसलेल्या प्रार्थनेबद्दल. आपल्या शब्दांत, आपल्या माणसांसाठी आपण जे मागतो, ते मनातल्या मनात पुटपुटून सोडून देऊ नये. हाताने कागदावर लिहावं, एवढंच माझं सांगणं आहे.

लिहून देवाची आठवण करणं आपल्याला नवीन नाही. गोंदवलेकर महाराजांच्या संप्रदायातली माणसं तेरा अक्षरी रामनामाने वह्याच्या वह्या भरतात. दुपारची भांडी आवरल्यावर खिडकीशी बसून रोज एक पान लिहिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्या पानाने घर शांत होतं, यात मला शंका नाही. पण लिखित जपात शब्द आधीच ठरलेले असतात. हाताला सवय झाली की मन दुधाच्या हिशोबाकडे जाऊन येऊ शकतं. स्वतःच्या प्रार्थनेत ही सोय नाही. तिथे प्रत्येक शब्द आपल्यालाच शोधावा लागतो.

‘देवा, सगळ्यांना सुखी ठेव’ हे तोंडाने म्हणायला श्वासभर वेळ लागतो. तेच कागदावर लिहायला घ्या. ‘सगळ्यांना’ लिहिलं की पेन थांबतं. सगळे म्हणजे कोण? नवरा, मुलं, सासूबाई, ही नावं झरझर उतरतात. मग धाकट्या जावेचं नाव येतं. वाटणीवरून झालेल्या भांडणानंतर तिच्याशी बोलणं बंद आहे. तिचं नाव लिहायचं की नाही? मनात असताना हा प्रश्न पडतच नाही, कारण ‘सगळ्यांना’ या शब्दाच्या आड ती लपून गेली होती. कागदावर तिच्या नावाचं पहिलं अक्षर आपल्याच हाताने काढावं लागतं. ते काढलं तर काहीतरी हललं. नाही काढलं, तर निदान आपण ते काढलं नाही हे आपल्याला कळलं.

दुसरं उदाहरण घ्या. ‘मुलाला नोकरी लागू दे.’ एवढं लिहून थांबलात तर ठीक. पण कागद रिकामा असतो आणि तो पुढचं वाक्य मागतो. नोकरी का? त्याच्या भल्यासाठी की शेजारी विचारतात म्हणून? चार ओळी झाल्यावर अनेकदा खरं मागणं वर येतं, ‘मी त्याला येता-जाता टोचून बोलते, ते माझं थांबू दे.’ या मागण्यासाठी देवाला फार लांब जावं लागत नाही. माझ्या मते हाताने लिहिण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच. मागता मागता मागणं शुद्ध होत जातं.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. ओळी सरळ असाव्यात, अक्षर वाटोळं आणि सुटं असावं, असं ते सांगतात. त्यातली एक सूचना मला फार आवडते. तरुणपणी फार बारीक अक्षरात लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचता येणार नाही. मध्यम अक्षर काढावं. म्हणजे आपण लिहिलेलं पुढे आपणच वाचणार आहोत, हे त्यांनी गृहीत धरलं आहे. वाल्मीकि रामायणाची त्यांच्या हातची म्हणून जतन केलेली प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाचे असे कागद गोळा करण्यात आयुष्य घातलं.

आणि तुकोबा. आपण त्यांचे अभंग टाळ-मृदंगावर गातो म्हणून ते सार्वजनिक वाटतात. पण पुष्कळ अभंग म्हणजे एका माणसाने विठोबाशी एकट्याने केलेलं बोलणं आहे. त्यात रुसवा आहे, शिव्याही आहेत. ते आपल्यापर्यंत आले ते संताजी जगनाड्यांसारख्यांनी वह्या लिहिल्या म्हणून. तेव्हा आपल्या वहीतही राग येऊ द्या. आजारी माणूस वाचला नाही, त्या दिवशी गोड प्रार्थना लिहायची सक्ती कोणी केलेली नाही.

आता आजच्या अभ्यासांबद्दल थोडं. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या जखमेबद्दल लिहायला सांगितलं. लिहून झाल्याबरोबर त्यांचं मन उलट जड झालं. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या सहा महिन्यांत डॉक्टरकडे इतरांपेक्षा कमी वेळा गेले. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममधल्या संशोधकांनी २०२४ साली ३६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताने अक्षर वळवताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी जास्त जोडले जातात, कीबोर्डवर बोट दाबताना तसं होत नाही, असं त्यांना दिसलं. हे अभ्यास प्रार्थनेचे नव्हते आणि त्यांवरून देवाबद्दल काही सिद्ध होत नाही. पण हाताच्या संथपणात काही गुण आहे, एवढं त्यांतून कळतं. मोबाइलवर तयार प्रार्थना पुढे ढकलायला क्षणही लागत नाही, आणि क्षणात झालेली गोष्ट मनात क्षणभरच राहते.

वही कशी असावी, असं मला विचारतात. साधी शाळेची दोनशे पानी पुरे. तारीख घाला, कारण सहा महिन्यांनी मागे वळून वाचताना ती हवी असते. जीव कासावीस करणाऱ्या किती गोष्टी आपण विसरूनही गेलो, हे तेव्हा दिसतं. शुद्धलेखनाची काळजी सोडा. नवसाची यादी करू नका. आणि वही कोणाला दाखवायचं बंधन नाही. दुसरा वाचणार आहे म्हटलं की माणूस चांगलं दिसण्यासाठी लिहू लागतो.

शेवटी या कॅम्पातल्या सिंधी घरांना एक विनंती. सिंधमध्ये शिकलेली जुनी माणसं उजवीकडून डावीकडे, बावन्न अक्षरी अरबी वळणाच्या सिंधी लिपीत लिहीत. पुढच्या पिढीतले बरेच जण देवनागरीत किंवा इंग्रजीत शिकले, त्यामुळे आजीने लिहिलेलं पान नातवाला सरळ धरलं की उलटं हेही कळत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर, पेटीच्या तळाशी अशा वह्या आहेत. कुठे हिशोब असेल, कुठे भजन, आणि कुठे फाळणीनंतरच्या त्या पहिल्या वर्षांत कोणा बाईने आपल्या मुलांसाठी मागितलेलं मागणं. ती लिपी वाचणारी बरीच माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत. येत्या रविवारी वही खाली काढा, त्यांच्या शेजारी बसा, त्यांना मोठ्याने वाचायला सांगा आणि ऐकता ऐकता तुमच्या लिपीत, तुमच्या हाताने उतरवून घ्या. रद्दीवाल्याला तोवर त्या पेटीला हात लावू देऊ नका.