लेकीकडं परदेशात जाताना

(आमच्या सामुदायिक रेडिओवर ‘बायकांची बैठक’ या कार्यक्रमात गटातल्या एका ताईंनी केलेलं हे भाषण. ज्यांचं ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी छापत आहोत.)

तव्यावर भाकरी असेल तर ती आधी उलटा, मग माझं ऐका. आज मी माझी फसगत सांगणार आहे. गावात आजवर कुणाला सांगितली नव्हती. लाज वाटायची. पण परवा गटाच्या बैठकीत आपल्या एका मैत्रिणीनं सांगितलं की तिला लेकीच्या बाळंतपणाला परदेशात जायचंय, पासपोर्ट हातात आलाय. तेव्हा वाटलं, आता गप्प बसणं बरं नाही.

आपण अशा वेळी काय तयारी करतो? डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, मऊ लुगड्याची दुपटी. विमानात पट्टा कसा लावायचा ते दहाजण सांगतात. पण तिथल्या रस्त्यावर कसं वागायचं ते कुणी सांगत नाही. आपल्याला वाटतं, श्रीमंतांचा देश, स्वच्छ रस्ते, तिथं कशाला कोण चोरी करतंय? मलाही तसंच वाटायचं.

माझी लेक लंडनच्या हॅरो भागात राहते. त्या भागात गुजराती, पंजाबी, तमिळ माणसं पुष्कळ. जावईबापू सकाळी कामाला जायचे, लेक रात्रभर जागलेली, ती दुपारी झोपायची. मी बाळाला बाबागाडीत घालून जवळच्या बागेत नेत असे. जाऊन वीस दिवस झाले होते. वीस दिवसांत घरच्यांशिवाय एक माणूस माझ्याशी चार शब्द बोललं नव्हतं. इथं आपण नळावर गेलो तरी अर्धा तास बोलतो. तिथं शेजारीण दिसली की हसायची आणि दार लावून घ्यायची.

त्या दिवशी बागेतून परत येताना एक गाडी माझ्याशेजारी थांबली. पुढं पुरुष, मागच्या सीटवर एक बाई. ती उतरली, हात जोडून ‘नमस्ते मदर’ म्हणाली. मला इतकं बरं वाटलं! ‘हॉस्पिटल, हॉस्पिटल’ म्हणाली. मला वाटलं, कुणी आजारी असेल. मी हातानं रस्ता दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले, मला मिठी मारली. मग आपल्या गळ्यातली पिवळीधमक माळ काढून माझ्या गळ्यात घातली. मी ‘नको, नको’ म्हणत होते, ती ‘गिफ्ट, गिफ्ट’ म्हणत होती. मी माळ काढायला गेले, तर तिनंच माझ्या मानेमागं हात घालून ती नीट बसवली. मग गाडीत बसली आणि गेली.

घरी येऊन आरशात पाहिलं. गळ्यात पितळेची माळ होती. माझी दोन तोळ्यांची बोरमाळ नव्हती. म्हशीच्या दुधाचे पैसे सात वर्षं साठवून केलेली बोरमाळ. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत होतं म्हणून वाचलं.

मैत्रिणींनो, मी लेकीला सांगितलं नाही. दोन दिवस पदर गळ्याभोवती घेऊन वावरले. ओली बाळंतीण, तिच्या जिवाला घोर नको, असं मनाला सांगत होते. खरं तर मला भीती होती, ती म्हणेल आई अडाणी आहे. तिसऱ्या दिवशी बाळाला न्हाऊ घालताना पदर बाजूला झाला आणि तिनं विचारलंच. सगळं ऐकून ती सोन्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, “आई, तुझे दोन्ही हात त्या बाईच्या हातात होते, तेव्हा बाबागाडी कुणाच्या हातात होती?”

त्या प्रश्नानं माझ्या पोटात खड्डा पडला. बाबागाडी माझ्या मागं रस्त्याच्या कडेला होती. मी ब्रेक लावला होता का, ते मला आजही आठवत नाही.

लेकीनं त्याच दिवशी पोलिसांना फोन केला. चोर समोर असेल, जिवाला धोका असेल तर तिथं ९९९ फिरवायचं. चोरी होऊन गेली असेल, घाई नसेल तर १०१. फोनवर दुभाषा दिला. मी हिंदीत सांगितलं, त्यानं इंग्रजीत केलं. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही. तक्रारीचा एक नंबर मिळाला. तेव्हा कळलं की रस्ता विचारायचा, खोटी माळ घालायची आणि खरी काढायची, ही युक्ती तिथं जुनी आहे. आपल्याकडच्या वयस्क बायका त्यासाठी हेरून ठेवतात. कारणही साधं आहे. तिथल्या दुकानांत ९ कॅरेटचे दागिने सर्रास विकतात, आणि आपल्या अंगावर असतं २२ कॅरेटचं. दिवाळीच्या सुमारास तर तिथले पोलीसच सांगतात की सोनं घरात ठेवू नका, कारण चोरांनाही आपला सण ठाऊक असतो.

बोरमाळ मिळाली नाही. पण मी जे शिकले ते सांगते.

पहिली गोष्ट अंतराची. कुणी रस्ता विचारला तर लांबूनच मान हलवायची, ‘सॉरी’ म्हणायचं आणि चालू लागायचं. यात उद्धटपणा नाही. ज्याला खरंच हॉस्पिटल हवंय तो अनोळखी म्हातारीच्या गळ्यात पडणार नाही. अंगाला हात लागला की मागं सरका, मोठ्यानं ओरडा, मराठीत ओरडलात तरी चालेल. याच जातीच्या दुसऱ्या युक्त्याही आहेत. ‘तुमच्या खांद्यावर घाण पडलीय’ म्हणून पुसायला येतात. पायाशी सुटे पैसे सांडतात. एकजण नकाशा नाकापुढं धरतो आणि दुसरा पर्स उघडतो. सगळ्यांचं मर्म एकच, तुमचं लक्ष एकीकडं आणि त्यांचा हात दुसरीकडं. आणि लेकरू बरोबर असेल तर एक हात बाबागाडीवर, काही झालं तरी.

दुसरी गोष्ट सोन्याची. शक्य तर नेऊच नका. न्यायचंच असेल तर जाताना आपल्या विमानतळावर कस्टमकडून दागिन्यांचा दाखला करून घ्या, म्हणजे परत येताना हे नवीन आणलं का, असा प्रश्न येत नाही. निघण्याआधी प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा. पोलिसांनी मला बोरमाळेचा फोटो मागितला, तेव्हा माझ्याकडं पुतणीच्या लग्नातला एक फोटो निघाला, त्यात अर्धी माळ पदराखाली. रस्त्यावर जाताना स्वेटरची चेन वरपर्यंत लावा. तिथं थंडी असतेच, कुणाला वावगं वाटत नाही.

तिसरी गोष्ट फोनची. लंडनमध्ये चोर मोपेडवरून, बिजलीच्या सायकलवरून येतात आणि हातातला फोन हिसकावून नेतात. फुटपाथच्या कडेला उभं राहून व्हिडिओ कॉल करू नका. भिंतीकडं पाठ करून, दोन मिनिटांत बोलून फोन आत ठेवा. घरी असतानाच फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असं दाबा. पंधरा आकडी नंबर दिसेल. तो वहीत लिहून ठेवा. फोन चोरीला गेला तर त्या नंबरावरून तो बंद पाडता येतो.

चौथी गोष्ट कार्डाची. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, कार्ड टेकवायचं असतं. दुकानातही कार्ड नुसतं टेकवून पैसे जातात, गुप्त आकडा लागत नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथं ही मर्यादा १०० पौंड केली. म्हणजे कार्ड चोराच्या हाती लागलं तर तोही टेकवू शकतो. म्हणून कार्ड हरवलं की ‘घरी जाऊन बघू’ नाही, तिथल्या तिथं लेकीला फोन करून बंद करायला सांगा. बसचं कार्ड वेगळ्या खिशात ठेवा, म्हणजे दर वेळी पर्स उघडावी लागत नाही.

पाचवी गोष्ट पासपोर्टची. तो रोज बरोबर हिंडवायचा नाही. घरात जपून ठेवायचा, त्याची आणि व्हिसाची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत, फोटो लेकीच्या फोनमध्ये, एक प्रत गावी. चोरीला गेलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय वकिलात. लंडनमध्ये भारताचं उच्चायुक्तालय ऑल्डविच भागातल्या इंडिया हाउसमध्ये आहे. तिथून परत येण्यापुरता तातडीचा दाखला मिळतो. त्यासाठी जुन्या पासपोर्टची झेरॉक्स सोन्यापेक्षा मोलाची ठरते. आपल्या काही बहिणी आखातात घरकामाला जातात, त्यांनी हेही लक्षात ठेवावं की पासपोर्टवर मालकी भारत सरकारची असते. मालक काढून घेऊ लागला तर वकिलातीला कळवा. इथून घरच्यांना चौकशी करायची असेल तर परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी सरकारचा फुकट नंबर आहे : १८०० ११ ३०९०.

सहावी गोष्ट फोनवरच्या चोरांची. ‘आम्ही पोलीस बोलतोय, तुमच्या व्हिसात चूक आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर परत पाठवू’ असे फोन तिथं नवख्या माणसाला येतात. कोणतेही पोलीस फोनवर पैसे मागत नाहीत. इथल्या ‘डिजिटल अरेस्ट’चा हा सख्खा भाऊ. आणि इथं गावी राहिलेल्या आयांनो, तुम्हीही सावध राहा. ‘आई, हा माझा नवीन नंबर, मी अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा निरोप आला तर आधी लेकराच्या जुन्या नंबरावर फोन करा. आमच्या घरात आम्ही एक खुणेचा शब्द ठरवलाय. आमच्या पहिल्या म्हशीचं नाव. ते नाव सांगितल्याशिवाय आमच्याकडून कुणालाही एक रुपया जात नाही. इथं कुणी फसलंच तर लगेच १९३० या नंबरावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

आता तुम्ही म्हणाल, एवढी भीती घालतेस तर जावं की नाही? जावं! मी सहा महिने राहिले, एकदाच फसले. नंतर आम्ही डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलो. १९३२ सालापासून चालत आलेलं मंडळ. तिथं मराठी बोलणाऱ्या बायका भेटल्या. एकीला माझी गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, माझ्या सासूबाईंच्या बांगड्या अशाच गेल्या. आम्ही दोघी रडलो आणि मग हसलो. त्या दिवसापासून अनोळखी गाडीतल्या बाईच्या ‘नमस्ते’ची भूक मला राहिली नाही.

मला वाटतं, खरं तिथंच चुकलं होतं. माझी बोरमाळ माझ्या भोळेपणानं गेली नाही, एकटेपणानं गेली. आणि चोराला दोन दिवसांची सवड मिळाली ती माझ्या लाजेनं. आपल्याकडंही तेच होतं. दारात भांडी-दागिने पॉलिश करून देणारा येतो, रस्त्यात खोटा पोलीस ‘पुढं चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा’ म्हणतो, रुमालात खडे निघतात, आणि बाई घरात कुणाला सांगत नाही. लेकींनो, सुनांनो, आईला बोलावता तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिला चार मराठी माणसं भेटवा. आणि तिचं काही गेलं तर आधी पाठीवरून हात फिरवा, मग प्रश्न विचारा.

शेवटचं काम, उद्याच्या बैठकीसाठी. जिच्या घरचं कुणी बाहेर आहे तिनं त्या देशाचा पोलिसांचा नंबर कॅलेंडरवर लिहावा. इंग्लंड ९९९, युरोपात जर्मनी-फ्रान्सला ११२, अमेरिका ९११, दुबई ९९९, कुवेत ११२, ऑस्ट्रेलिया तीन शून्यं. वहीत नाही, कॅलेंडरवर. वही ऐन वेळी सापडत नाही.

ती पितळेची माळ मी टाकली नाही. पेटीत ठेवलीय. उद्या बैठकीला घेऊन येते, सगळ्यांनी हातात घेऊन बघा.