नित्यकर्मातील ख्रिस्ती साधना



प्रार्थना, उपवास, शास्त्रपठण, मौन व सेवा ही ख्रिस्ती साधनेची अंगे होत. त्यांसाठी संसार सोडावा लागतो, असा समज आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्यांना भेद वाटत नसे.

दूर कशाला, आपल्या केडगावचे मुक्तिसदन पाहा. निराधार स्त्रियांचा एवढा मोठा संसार सांभाळीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सुबोध मराठी भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या. तो ग्रंथ तेथल्याच छापखान्यात छापला गेला. खिळे जुळविणारे हात आश्रमातील स्त्रियांचे होते. ते जुळविणे हीच त्यांची उपासना.

साधनेला वेळ नाही, ही आपली नित्याची सबब. परंतु उपवास करून मोलकरणीची मजुरी अडविली, प्रार्थना आटोपून शेजाऱ्याशी अबोला धरला, तर साधना उरली कोठे? वेदीवर अर्पण वाहण्याआधी रुसलेल्या भावाशी समेट करावा, अशी ख्रिस्ताची आज्ञा आहे. तेवढी एक आज्ञा आज घरी जाताना पाळू या, इतकीच आमची विनंती.