अर्धा फोटो राखाडी कसा झाला?

आजचा विषय माझ्याच चुकीचा आहे, तेव्हा हसायचं असेल तर आधीच हसून घ्या.

माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचे सगळे फोटो नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्डडिस्कच्या डब्यावर ठेवतो. मी त्याला एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. फोटो उघडायचा, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकायचं, त्याच नावाने परत सेव्ह करायचा. बीटेक भाचा, मामा खूश! एका संध्याकाळी हे चालू असताना वायफाय गेलं. सकाळी मामाचा फोन. "अरे, नवरीचा आजोबांबरोबरचा फोटो बघ जरा." वर मांडव, आजोबांचा फेटा, कपाळ, आणि खाली सगळं राखाडी.

साध्या जेपेगमध्ये चित्र वरून खाली लिहिलेलं असतं. फाइलच्या शेवटी एफएफ डी९ हे दोन बाइट असतात, इथे संपलं असं सांगणारे. आमची फाइल तिथवर पोचलीच नव्हती. आलं तेवढं दिसलं, बाकी राखाडी.

आता कोणीतरी म्हणेल, टीसीपी आहे ना? आहे. हरवलेलं पॅकेट तो परत पाठवतो, पण कनेक्शनच तुटलं तर तो बिचारा काय करणार? आणि खरी मेख वेगळीच आहे. जुनी फाइल त्याच नावाने लिहायला उघडली की बहुतेक वेळा ती त्याच क्षणी शून्य बाइटची होते. म्हणजे नवी अजून वाटेत आणि जुनी गेलेली! वायफायला काय शिव्या द्यायच्या, चूक माझ्या कोडची होती.

मग मी ते सगळं परत लिहिलं. आता फोटो आधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर सेव्ह होतो. मग नॅसवर त्याच फोल्डरमध्ये, पण तात्पुरत्या नावाने कॉपी होतो. मग दोन्हीकडचा एसएचए-२५६ हॅश काढून ताडून बघायचा, एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी कळतं. यात एक गंमत आहे. कॉपी केलेली फाइल त्याच कॉम्प्युटरवरून लगेच वाचली तर कधीकधी उत्तर नॅसऐवजी स्वतःच्या मेमरीतून येतं. परीक्षेत आपलाच पेपर आपण तपासल्यासारखं. म्हणून हॅश नॅसवरच काढतो. जुळला तरच रिनेम. रिनेममध्ये फक्त नाव बदलतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बहुधा जुनी फाइल तरी मिळते, नाहीतर नवी. अर्धी नाही. आणि मूळ फोटोवर लिहायचंच नाही, नाव टाकलेली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये.

तुम्ही कोड लिहीत नसाल तरी फोटोशॉपमधून थेट नेटवर्क ड्राइव्हवर सेव्ह करू नका. आधी आपल्या डिस्कवर, मग कॉपी. अॅडोबसुद्धा हेच सांगतं. आणि कॉपी उघडून, झूम करून खालपर्यंत बघितल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नका.

कारण आमचं कार्ड फॉरमॅट झालं होतं आणि त्यावर दुसरीकडची हळदसुद्धा शूट झाली होती. फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. काही फोटो परत मिळाले, आजोबांचा नाही. शेवटी नवरीच्या भावाच्या मोबाइलवर जवळपास तसाच एक सापडला, व्हॉट्सअॅपवरून आलेला, बारका. अल्बममध्ये पूर्ण पान त्याच्यासाठी ठेवलं होतं. छापला पोस्टकार्डाएवढा.